लॉकडाऊनमध्ये मी बरा होतो, ताई

पत्र असं आहे:

'ताई, मी त्रेचाळीस वर्षांचा. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, नोकरी महापेला, अकाउंट्समध्ये. २०१७ साली लोकलमध्ये पहिला अटॅक आला. हार्ट अटॅक समजून लोकांनी मुलुंडला उतरवलं, दवाखान्यात ईसीजी नॉर्मल निघाला. असं आणखी दोनदा झाल्यावर एका डॉक्टरांनी पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक घबराटीचे झटके येण्याचा आजार, सांगितलं. तोवर गर्दी, रांगा, लिफ्ट सगळंच सुटत चाललं होतं; त्याला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. गोळ्या घेतल्या, समुपदेशन केलं. २०१९ संपताना ठाण्याहून घणसोलीपर्यंत ट्रान्स-हार्बर लोकलने एकटा जात होतो.

मग लॉकडाऊन लागला. खोटं बोलत नाही, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात शांत दोन वर्षं. एकही अटॅक नाही. गोळ्या आपणहून बंद केल्या. सगळं जग माझ्यासारखं घरात बसलेलं, तू का येत नाहीस असं विचारणारं कुणी नाही. आता कंपनी आठवड्यातून तीन दिवस बोलावतेय आणि मी २०१७ पेक्षा वाईट अवस्थेत आहे. एकटा सोसायटीच्या गेटपर्यंत जातो. त्यापुढे बायको गाडीने नेईल तेव्हाच. खिशात ऑक्सिमीटर असतो. पाकिटात एक गोळी असते, ती घेत नाही, पण जवळ लागते. मुलीचं गॅदरिंग घाणेकर नाट्यगृहात होतं. दाराशी उभा राहिलो आणि तिचा नाच यायच्या आधीच बाहेर आलो.

आणखी एक. दुसऱ्या लाटेत माझे सासरे गेले, डोंबिवलीला. अंत्यविधीला वीसच माणसं चालतील असा नियम होता, म्हणून मी गेलो नाही, असं सगळ्यांना सांगितलं. नियम होता, पण मी त्या विसांत बसत होतो. हे बायकोला माहीत नाही. आणि एवढं होऊनही कधी कधी वाटतं, पुन्हा एकदा लॉकडाऊन लागावा. राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का? लोक म्हणतात, कोरोना जाऊन इतकी वर्षं झाली, तू अजून त्यातच?'

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नमस्कार,

राजीनामा देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. निदान तीन-चार महिने त्या कागदाला हात लावू नका. नोकरी सुटली की घराबाहेर पडायचं उरलंसुरलं सक्तीचं कारणही सुटतं, आणि तुमच्या आजारात अशी कारणं जपावी लागतात. ऑफिसला आजाराचं नाव सांगायची गरज नाही. डॉक्टरांचं पत्र जोडा आणि मागा, की वैद्यकीय कारणासाठी पहिले काही आठवडे एकच दिवस येईन, तोही गर्दीची वेळ टाळून. मग दोन दिवस, मग तीन. कायमचं घरून काम मिळेल का, एवढं मात्र विचारू नका. मिळालं तर पंचाईत होईल.

आता 'मी बरा होतो' याविषयी. परीक्षाच रद्द झाल्यावर कुणी नापास होत नाही, तसं तुमचं २०२० मध्ये झालं. अटॅक जिथे जिथे यायचा त्या जागाच बंद होत्या: लोकल, मॉल, नाट्यगृह, बँकेतली रांग. अटॅक आले नाहीत यात तुम्ही खोटं काही सांगत नाही. त्या शांततेचा अर्थ तेवढा चुकीचा लागला, आणि त्या अर्थावर विसंबून गोळ्या बंद झाल्या.

पॅनिक अटॅक आपला आपण ओसरतो. साधारण दहा मिनिटांत तो शिखर गाठतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरतो, तुम्ही काहीही केलं नाहीत तरी. पण तेवढं थांबतो कोण? माणूस मधल्याच स्टेशनवर उतरतो, बाकड्यावर बसतो, बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचं सगळं श्रेय उतरण्याला मिळतं. मुलुंडला उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भांडुप सुटलं की धडधड सुरू. मग लोकलच नको, मग बसही नको. असं एकेक ठिकाण गळत शेवटी गेटपाशी येऊन थांबतं. भीती तर त्रास देतेच, पण हा आजार पोसला जातो तो भीतीनंतर मिळणाऱ्या सुटकेवर.

लॉकडाऊनमध्ये ती सुटका तुम्हाला चोवीस तास मिळाली, तीही सरकारी शिक्क्यासह. आठवतंय ना, कुणालाही फोन लावला की आधी कुणीतरी खोकायचं आणि मग सूचना सुरू व्हायच्या. घरी राहा, गर्दी टाळा, गरज नसेल तर प्रवास करू नका. विषाणूच्या बाबतीत यातला शब्द न् शब्द योग्य होता. पण तुमच्या आजारावर उपचार करणारा कुणीही यातली एकही सूचना तुम्हाला देणार नाही. एकाच घरात, एकाच वेळी, एकच सल्ला एका रोगाला औषध आणि दुसऱ्याला खुराक ठरला. यात चूक कुणाची शोधत बसू नका.

शिवाय तुमचे उपचार भर रस्त्यात थांबले. गर्दीत हळूहळू परत जायचं, हाच मुळी त्या उपचारांचा गाभा, आणि गर्दीलाच बंदी. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूनंतर लोकल थांबली. जूनमध्ये सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरती. तुमच्यासारख्या प्रवाशाला दार उघडलं १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही ठरावीक वेळात. एप्रिलमध्ये पुन्हा बंद. मग १५ ऑगस्टपासून लशीचे दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना प्रवेश. म्हणजे २०१९ मध्ये तुम्ही कष्टाने कमावलेला ठाणे–घणसोली प्रवास, मधले दोन-अडीच महिने सोडले तर, जवळजवळ दीड वर्ष मनात आणलं असतंत तरी करता आला नसता. ज्यांना हा आजार नव्हता, तेही पहिल्यांदा डब्यात चढले तेव्हा बिचकले होते. तुमचा तर पायाच नाजूक होता.

'तू अजून त्यातच?' म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. महाराष्ट्रातले निर्बंध २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याला उठले. जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. साथीला अशा तारखा मिळतात. टाळण्याच्या सवयीला मिळत नाहीत, उलट दर वर्षी ती जास्त मुरते. तुम्ही कोरोनात अडकलेले नाही आहात. तुमचा २०१७ चाच आजार आहे, फक्त मधल्या काळात त्याला पोटभर विश्रांती मिळाली.

तुम्ही एकटेही नाही. पॅनिकच्या लोकांची साथीत दोन टोकं दिसली. काही तुमच्यासारखे निवांत झाले. काहींचे मात्र हाल झाले, कारण कोरोनाची लक्षणं आणि पॅनिकची लक्षणं एकमेकांत मिसळतात. छाती आवळणं, श्वास अपुरा वाटणं, धडधड, घाम, गळून जाणं. मास्कच्या आत स्वतःचाच गरम श्वास जाणवला तरी काहींना गुदमरल्यासारखं व्हायचं. ऑक्सिजन त्यांचा कमी होत नव्हता, पण भीतीला तेवढा इशारा पुरे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर टीव्हीवर दिवसभर ऑक्सिजन हाच शब्द होता. तुमच्या खिशातलं यंत्र तिथूनच आलं असणार.

त्या यंत्राबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमच्या गेटचं कुलूप तेच आहे.

घबराट सुरू झाली की आपण भरभर आणि वरवर श्वास घेतो. त्याने ऑक्सिजन कमी होत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. तो घटला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि गंमत म्हणजे श्वास पुरत नाही असंच वाटतं. म्हणून माणूस आणखी जोरात श्वास ओढतो. ऑक्सिमीटर यातलं काही दाखवू शकत नाही. तो ऑक्सिजन मोजतो आणि तो तुमचा अटॅकमध्येही अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच असतो. म्हणजे जिथे काही बिघडलेलंच नाही तिथे तुम्ही पुन्हा पुन्हा बोट घालून पाहताय. आकडा बरा आला की दोन मिनिटं हायसं वाटतं, मग पुन्हा शंका. त्यात भीतीने हात गार पडतात, आणि गार बोटावर हे यंत्र कधी कधी चुकीचा कमी आकडाही दाखवतं. तसा एक आकडा दिसला की पुढचा आठवडा गेला.

तेव्हा ऑक्सिमीटर घरी ठेवा. एकदम जमत नसेल तर आधी सेल काढून खिशात ठेवा, मग बॅगेत, मग कपाटात. पाकिटातल्या गोळीचंही तेच. तिची मुदत तपासलीत का? अशा गोळ्या पाकिटात वर्षानुवर्षं असतात आणि मुदत कधीच उलटलेली असते, तरी मालकाला तिचा आधार वाटत राहतो. यावरूनच कळतं की आधार औषधाचा नव्हताच. आणि कुणी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगितलं तर ऐकू नका. तो जुना उपाय आहे. खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा त्रास निघाला तर घातक ठरतो.

हे सगळं सुरू करण्याआधी एकदा, पुन्हा सांगते, एकदाच, फिजिशियनकडे जाऊन या. २०१७ चा ईसीजी आता जुना झाला. ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर एवढं बघून घ्या. कोरोना होऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण त्यानंतर काहींना बरेच महिने धडधड आणि दम लागणं राहतं. रिपोर्ट ठीक आले की तो विषय मिटवा, दर महिन्याला नवी तपासणी नको. एक पथ्य मात्र कायमचं. जिने चढताना छातीत दुखलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, किंवा खरोखर शुद्ध हरपली, तर ते पॅनिक म्हणून अंगावर काढायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. तसं पॅनिकमध्ये बेशुद्ध पडणं क्वचितच घडतं. बेशुद्ध पडायला रक्तदाब घसरावा लागतो आणि घबराटीत तो बहुधा वाढलेला असतो. 'गाडीत पडलो तर' ही तुमची भीती म्हणूनच बहुतेक वेळा खोटी ठरेल. पण हे मी सांगून पटणार नाही. गाडीतच पटेल.

तर गाडीचं बघू. तुम्ही २०१९ मध्ये जायचात तेव्हा ठाणे सुटलं की थेट ऐरोली, मध्ये स्टेशनच नव्हतं. तुमच्यासारख्याला तेवढं अंतर जन्माएवढं लांब वाटतं. जानेवारी २०२४ पासून मध्ये दिघा गाव स्टेशन झालंय. कुणी कशासाठी बांधलं असेल ते असो, तुमच्या उपचारासाठी ते उत्तम जागी आहे. पहिलं मोठं लक्ष्य तेच ठेवा. ठाण्याला बसायचं, दिघा गावला उतरायचं, परतीची गाडी पकडायची. दुपारी बारा-एकला, गर्दी नसताना. ते रुटीन झालं, कंटाळवाणं झालं, की ऐरोली, रबाळे, घणसोली. मग तीच गाडी सकाळी नऊला.

त्याआधी गेट ओलांडायचंय. गेटपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटं, मग बसस्टॉपपर्यंत. नुसतं उभं राहायचं, दोन-तीन बस सोडायच्या, यायचं. मग टीएमटीने दोन स्टॉप. मग स्टेशनपर्यंत. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकणार हे गृहीतच धरा. तिथे चांगल्या धडधाकट माणसाचाही जीव मेटाकुटीला येतो, त्यामुळे तुम्हाला घाम फुटला तर तो सगळाच आजाराच्या खात्यावर टाकू नका.

हे करताना दोन गोष्टी लोक हमखास उलट्या करतात. पहिली, 'आज बरं वाटतंय, आज जाऊ.' असं नाही. वार आणि वेळ आधी ठरवायची आणि वाईट दिवशीही जायचं, कारण ऑफिस वाईट दिवशीही असणारच आहे. आठवड्यातून एकदा मोठी मोहीम काढण्यापेक्षा जवळजवळ रोज छोटं काहीतरी केलेलं जास्त लागू पडतं. दुसरी, गाणी ऐकत, डोळे मिटून, नामस्मरण करत, जीव मुठीत धरून प्रवास पार पाडणं. देवाचं नाव घ्यायला माझी हरकत नाही. पण ते 'आता काही होऊ देऊ नकोस' म्हणून घेतलं की तोही ऑक्सिमीटरच होतो. निघण्याआधी मनात स्पष्ट ठरवा, मला काय होईल असं वाटतंय? चक्कर येऊन पडेन? ओरडायला लागेन? परत आल्यावर तपासा, झालं का? धडधड झाली हे उत्तर धरायचं नाही, धडधड होणारच आहे. आणि मध्येच उतरलात तर? उतरलात तर उतरलात. फलाटावर बसा, श्वास आपोआप जागेवर येऊ द्या आणि पुढची गाडी पकडा. घरी रिक्षाने परत येऊ नका, तेवढं पाळा.

हे एकट्याने करायला अवघड आहे आणि करूही नये. माहीतगार समुपदेशक यात आणखी एक भाग करून घेतात. खोलीतच मुद्दाम जागच्या जागी धावायला लावतात, खुर्चीत गोल फिरवतात, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतात. धडधड, गरगर, अपुरा श्वास हे सगळं धोका नसतानाही होतं, याची शरीराला ओळख पटावी म्हणून. ऐकायला विचित्र वाटतं, पण काहींना ट्रेनपेक्षा याचाच जास्त फायदा होतो.

गोळ्या तुमच्या मनाने बंद झाल्या तशा मनाने सुरू करू नका, जुनी चिठ्ठी दाखवून तर अजिबात नको. या आजारात मुख्यतः एस्सिटॅलोप्रामसारखी औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते. हे आधी माहीत नसलं की पॅनिकचा रुग्ण नेमका चौथ्या दिवशी औषध सोडतो. झटपट आराम देणाऱ्या क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते. रोज घेणाऱ्याने त्या एकदम बंदही करू नयेत, डॉक्टरच हळूहळू कमी करतात. त्या घेऊन गाडीत बसलात तर प्रवास होईल, पण श्रेय पुन्हा गोळीला जाईल.

कुठे जायचं? ठाण्यात राहून हा प्रश्न पडतो, याचं मला नवल वाटत नाही. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राने इतका वापरलाय की ठाणेकरालाच १९०१ पासून उभ्या असलेल्या त्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जाताना इकडेतिकडे बघावं लागतं. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. तुमच्यासारखी नोकरी करणारी, संसार असणारी माणसं सकाळी येतात, औषध घेऊन जातात, भरती वगैरे कुणी करत नाही. ते नको असेल तर नौपाड्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, कळव्याला महापालिकेचं शिवाजी रुग्णालय आहे. पहिले काही दिवस बाहेर पडणंच जमणार नाही असं वाटलं तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं, रात्रीही. व्हिडिओवर समुपदेशन करायला हरकत नाही. साथीने दिलेली ही एक सोय खरंच उपयोगाची आहे. फक्त दोन-तीन भेटींनंतर तुम्ही कॅमेऱ्यासमोर घरातून नव्हे, बसस्टॉपवरून बोलत असायला हवं.

आता तुमच्या सौभाग्यवतींविषयी. त्या इतकी वर्षं तुम्हाला गाडीने नेतात ते प्रेमापोटीच, पण गाडीत शेजारी बायको, हाही एक आधारच झाला. तो हळूहळू काढायचा. सुरुवातीला एकाच लोकलने जा, तुम्ही जनरल डब्यात आणि त्या लेडीजमध्ये. मग त्या ठाण्याच्या फलाटावर थांबतील. मग घरी. मग फोन न करता घरी, आणि हे शेवटचं त्यांना तुमच्यापेक्षा जड जाईल.

सासऱ्यांबद्दल. तुम्ही त्या दिवशी दोन दुखण्यांत सापडला होतात आणि एकाला नियमाचं नाव देता आलं. अशी सबब तेव्हा हजारो घरांत दिली गेली. कुणी भीतीपोटी, कुणी म्हाताऱ्या आईला संसर्ग नको म्हणून, कुणी नुसतं धैर्य झालं नाही म्हणून. तुम्हाला निर्दोष ठरवायला मी हे लिहीत नाही. त्यांच्या वडिलांना पोचवायला त्या तुमच्याशिवाय गेल्या, एवढं खरंच आहे. पण पुन्हा लॉकडाऊन लागावा असं वाटणं आणि सासऱ्यांच्या जाण्याचं दुःख नसणं, हे एक नाही. दम्याच्या रुग्णाला मोकळी हवा हवीशी वाटावी इतकं ते सरळ आहे. त्यात लोक मेलेले तुम्हाला हवे होते असा अर्थ नाही. तो अर्थ तुम्ही रात्री एकटे लावताय.

हे सौभाग्यवतींना सांगावं का? माझं मत, सांगावं. आज रात्री स्वयंपाकघरात नको, आणि 'मला माफ कर' ने सुरुवात करून तर नकोच, कारण मग त्यांनाच तुमचं सांत्वन करावं लागेल. त्यांना राग येईल. येऊ द्या, तो त्यांचा हक्क आहे, आणि त्यावर तुम्हाला अटॅक आला तरी तो अर्ध्या तासात ओसरेल. डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकांच्या समोर सांगा. तसंही दिघा गाव, लेडीज डबा, फलाट हा सगळा बेत त्यांना ऐकून घ्यायलाच हवा. पहिल्या भेटीला त्या तुम्हाला गाडीने सोडायला येणारच आहेत. त्यांना बाहेर बाकावर थांबवू नका, आत बोलवा. जुनी चिठ्ठी, २०१७ चा ईसीजी आणि पाकिटातली ती गोळीही घेऊन जा.